मी न दिलेला बाप्तिस्मा

नागपूर स्टेशनाबाहेर एका टांगेवाल्याने मला एकदा विचारलं होतं, लोक तुम्हाला पाळकसाहेब म्हणतात, तर तुम्ही गाई पाळता की म्हशी? मी म्हटलं, माणसं पाळतो. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "मंग तं लय कठीण काम आहे, साहेब." माझ्या धंद्याची इतकी नेमकी कदर पुढे कुणी केल्याचं मला आठवत नाही.

पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा पुरोहित. बाहेरच्या वाचकाला वाटतं, रविवारी उपासना चालवली, प्रवचन केलं, की झालं. खरं काम सोमवारी सुरू होतं. कुणाच्या मुलाला मिशनच्या शाळेत जागा हवी असते, कुणाची सून रुसून माहेरी गेलेली असते, दोन भाऊ एका मोरीच्या पाण्यावरून महिनोन्‌महिने बोलत नसतात. पाळकाने जायचं, चहा प्यायचा, ऐकायचं. मेलेल्याला माती द्यायची आणि जन्मलेल्याच्या कपाळाला पाणी लावायचं. त्या पाण्यालाच बाप्तिस्मा म्हणतात. माणूस मंडळीत आला, त्याची ती खूण. मध्यप्रांताच्या त्या दिवसांत मिशनचे गोरे साहेब पाळकाची कामगिरी बहुतेक त्या पाण्यावरूनच जोखत.

मी उमरेडच्या कोष्ट्याचा मुलगा. वडील मागावर बसत आणि त्या ठोक्यावर भक्तिगीतं म्हणत. मी पाळक झालो तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतः विणलेलं पांढरं धोतर मला पाठवलं. आता निवृत्त झाल्यावर भेटणारे विचारतात, तुमच्या हातून बाप्तिस्मे किती झाले? खूप झाले असतील, आठवत नाहीत. जो मी दिला नाही तो मात्र आठवतो, आणि त्याच्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

एलिजा नागावकर मला प्रथम भेटले ते उमरेडच्या छोट्या गाडीत. ते तिचे गार्ड होते. उंच, सावळे, मिशा राखलेले, बोलणं अगदी कोकणी. मी आईला भेटायला चाललो होतो. माझी पांढरी कॉलर पाहून ते माझ्या डब्यात आले आणि म्हणाले, की आपण दोघे एकाच पुस्तकावर जगणारी माणसं, फक्त तुम्ही पुढचा भाग जास्त वाचता. मला उलगडा होईना. मग त्यांनी सांगितलं, ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी; आमच्या बायबलचा पहिला, जुना भाग हेच त्यांचं शास्त्र. त्यांचे पूर्वज फार जुन्या काळी कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली हे नाव दिलं. शनिवार हा त्यांचा देवाचा वार. त्या दिवशी काम करायचं नाही.

मी विचारलं, मग शनिवारी गाडी कशी चालवता? ते हसून म्हणाले, "गाडी इंजिन चालवतं. मी फक्त झेंडा दाखवतो."

तेव्हापासून सुटीच्या दिवशी ते अजनीच्या रेल्वे कॉलनीतून माझ्याकडे येऊ लागले. बरोबर कधी त्यांच्या पत्नी रिबेकाबाई असत. नऊवारी, कपाळ मोकळं, गळ्यात मंगळसूत्र. एकुलता मुलगा दाविद फौजेत होता. लढाई सुरू झाली आणि तो मिसरकडे, म्हणजे इजिप्तला, गेला. रिबेकाबाई आमच्या घरी फक्त फळं आणि चहा घेत, कारण आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकाचे नियम जुळत नसत. माझ्या बायकोला आधी त्याचं वाईट वाटलं. नंतर ती त्यांच्यासाठी संत्री वेगळी काढून ठेवू लागली.

माझ्या मंडळीत तेव्हा दोन वडील होते. वडील म्हणजे मंडळीने निवडलेले ज्येष्ठ. पाळकासह ते पंचायत चालवतात. एक घाटे मास्तर, मिशनच्या शाळेतले, अहमदनगरकडचे, शुद्ध बोलणारे आणि ताठ चालणारे. दुसरे दादाजी कंपाउंडर, दवाखान्यात औषधं करणारे, माझ्यासारखेच उमरेडचे. या दोघांचं एका प्रश्नावर कधी जमलं नाही, आणि तो प्रश्न आमच्या धर्मात फार जुना आहे. माणूस तरतो तो देवाने निवडलं म्हणून, की त्याने स्वतः देवाला होकार दिला म्हणून?

मास्तरांचं म्हणणं, निवड देवाची. जग घडवण्याआधीच त्याने ठरवलं कोण त्याचे. शास्त्रातल्या जुळ्या भावांतला धाकटा त्याने पोटात असतानाच पसंत केला आणि थोरला बाजूला ठेवला, त्यात दोघांचं कर्तृत्व काय? कुंभाराला माती विचारत नाही, की माझं मडकं का केलं. कंपाउंडरांचं म्हणणं याच्या उलट. ते म्हणत, "औषध बाटलीत आहे. देवानं सगळ्याइले सारखंच भरून देल्लं. पेणारा पेते, न पेणारा मरते. त्याले डॉक्टर काय करन?" दोघे पंचायतीत यावरून इतके तापत, की चर्चच्या छपराची गळती पुढच्या बैठकीवर जाई. एकदा शहरात निवडणुकीची धामधूम होती आणि मी देवाच्या निवडीवर प्रवचन केलं. बाहेर पडल्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, देव कोणत्या वॉर्डातून उभा आहे?

नागावकर आल्यावर हा जुना वाद जिवंत झाला, कारण निवडीची सगळी गोष्ट त्यांच्याच लोकांपासून सुरू होते. अब्राहामाला देवाने बोलावलं, त्याच्या वंशाला आपलं म्हटलं. मग येशू आला आणि त्या वंशातल्या बहुतेकांनी त्याला मानलं नाही. आता त्या लोकांचं काय? मास्तर म्हणत, देवाने त्यांना टाकलं आणि त्यांची जागा आपल्याला दिली. कंपाउंडर म्हणत, त्यांनीच देवाला टाकलं. कारण वेगळं, पण निकाल एकच, आणि एवढ्या एका गोष्टीत दोघांचं जमलेलं पाहून मला बरं वाटत नसे.

नागावकर कीर्तन करत. कोकणात त्यांच्या समाजात शास्त्रातल्या कथांवर कीर्तनं होत, आपल्याकडे होतात तशीच, झांज-चिपळ्यांसह. मी त्यांना आमच्या आवारात बोलावलं. योसेफाला त्याच्या भावांनी विकलं ती कथा त्यांनी लावली. विहिरीत टाकलेला मुलगा वर पाहून भावांना हाका मारतो, तिथे आमच्या बायका रडल्या. शेजारच्या कोष्टीपुऱ्यातली माणसं कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. संपल्यावर घाटे मास्तर उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, की नागावकर, तुम्ही अजून स्वतःला देवाचे निवडलेले समजता काय?

मला वाटलं, आता बिनसणार. नागावकरांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"मास्तर, घरात चार सुना असतात," ते म्हणाले. "सासू पहाटे थोरलीला हाक मारते. तिला निवडते ती लाड करायला नव्हे, पाणी भरायला. आम्हाला हाक आली. आम्ही अजून पाणी भरतो आहोत. बाकीच्या सुना नावडत्या, असं आम्ही कधी म्हटलं नाही."

लोक हसले. मास्तर हसले नाहीत, पण बसले. मी त्या उत्तरावर पुढे एक प्रवचन बेतलं आणि ते कुणाचं होतं हेही सांगितलं.

कंपाउंडरांनी आपला डाव वेगळा टाकला. ते नागावकरांना फार जीव लावत. दोघे माझ्या ओट्यावर बसून विडी ओढत. एक दिवस त्यांनी सरळच विचारलं, की एवढं सगळं ऐकता, मग येशूचा स्वीकार काहून नाही करत? नागावकर म्हणाले, तुमचा येशू आमचाच मुलगा, त्याच्यावर माझा राग नाही. पण मी ज्या घरात जन्मलो तिथेच मरणार. मला विचारलंत, मी नाही म्हटलं, आता विडी द्या. कंपाउंडरांनी विडी दिली, आणि त्या रात्री प्रार्थनेत ते त्यांच्यासाठी रडले, हे त्यांच्याच बायकोने मला सांगितलं.

त्याच काळात वर्तमानपत्रांतून जर्मनीतल्या यहुद्यांच्या बातम्या येत. दुकानं फोडली, माणसं हाकलली. लढाई सुरू झाल्यावर त्याहून वाईट. मास्तर एकदा पंचायतीत म्हणाले, की टाकलेल्या लोकांचं असंच व्हायचं. मी त्यांना म्हटलं, मडकं कुंभाराच्या हातात आहे हे मी मानतो, पण शेजाऱ्याने काठी घेऊन मडकी फोडावीत असं शास्त्रात कुठे आहे ते दाखवा.  पुन्हा ते तसं कधी बोलले नाहीत.

मग तो उन्हाळा आला. नागपूरचा मे महिना ज्याने काढला त्याला सांगायला नको. छोट्या लाईनचा गार्डाचा डबा म्हणजे पत्र्याची पेटी. फौजेच्या गाड्यांमुळे माणसं कमी आणि पाळ्या दुप्पट झाल्या होत्या. एका दुपारी उमरेडहून गाडी आली आणि गार्ड उतरले नाहीत. हमालांनी त्यांना डब्यात पडलेलं पाहिलं. लू लागली होती. अंगाला हात लावला तर चटका बसत होता.

रेल्वेच्या दवाखान्यात त्यांना वाळ्याच्या पडद्याआड ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं, अंगावर गार पाणी फिरवत राहा, बाकी देवाच्या हातात. रिबेकाबाई त्यांच्या उशाशी बसून होत्या. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या भिंतीला टेकल्याशिवाय उभ्या राहू शकत नव्हत्या. मी आणि नर्सने मिळून त्यांना थोडा वेळ घरी जायला राजी केलं. त्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"तुम्ही बसणार ना? दुसऱ्या कुणावर सोडून नाही जायची मी," त्या म्हणाल्या. "शुद्ध आली तर त्यांना शेमा म्हणायला सांगा. तुम्ही सुरुवात करून द्या. पुढचं ते म्हणतील."

शेमा ही त्यांची देव एकच असल्याची कबुली. सकाळ-संध्याकाळ म्हणायची आणि मरताना ओठांवर असावी अशी. आमच्याही शास्त्रात ती आहे. मी हो म्हटलं.

त्या गेल्यावर मी पंचा ओला करून त्यांचं कपाळ पुसत बसलो. थोड्याच वेळात पडदा सरला आणि मास्तर व कंपाउंडर आत आले. कंपाउंडरांनी नाडी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना कळलं होतं. ते माझ्याजवळ बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पाळकसाहेब, हा जाऊन राहिला. आता तरी द्या त्याले बाप्तिस्मा."

मी म्हटलं, तो शुद्धीत नाही. आणि शुद्धीत असताना नाही म्हणाला आहे, तुमच्याच तोंडावर.

"तवा मरण समोर नव्हतं ना. आता काय म्हनला असता, तुमाले काय ठाऊक?"

मास्तर पायथ्याशी उभे होते. ते वादाच्या आवाजात बोलत नव्हते, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. त्यांचं म्हणणं असं, की आपण लेकरांना बाप्तिस्मा देतोच. लेकरू कुठे हो म्हणतं? माणसाचं हो-नाही यात मुळी नाहीच. कदाचित देवाने यांना निवडलेलं असेल, आणि ती निवड पुरी व्हायची ती तुमच्याच हातून. म्हणून आत्ता त्यांच्याजवळ तुम्ही बसला आहात. शिवाय व्यवहारही पाहा. नागपुरात यहुद्यांची दफनभूमी नाही. या उन्हात प्रेत मुंबईला जाणार नाही. आपल्या कबरस्तानात फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना जागा मिळते. पाणी लावलं तर सगळंच सुटेल, बाईंचीही सोय होईल.

माझ्या हातात ओला पंचा होता. पाणी तर त्यांच्या कपाळावर होतंच, मी ते सकाळपासून लावत होतो. फक्त पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तीन नावं उच्चारायची होती. ओठ हलले असते आणि झालं असतं. कुणाला इजा नाही, आवाजही नाही. मी बाप्तिस्म्यावर विश्वास नसलेला माणूस नाही, मी जन्मभर तो दिला. हा माझा मित्र होता, तो मरत होता, आणि माझी श्रद्धा मला सांगत होती की या पाण्यात जीवन आहे. ती मिनिटं मला जड गेली.

पण बाई परत येऊन नवऱ्याजवळ बसणार होत्या. त्यांनी या खोलीत मला ठेवलं होतं, मास्तरांना नाही, कंपाउंडरांना नाही. मी बाईंना न सांगता नावं उच्चारली असती तर ते त्यांच्या घरातलं काहीतरी पदराखालून उचलल्यासारखं झालं असतं. देवाला असल्या मार्गाने मिळालेलं माणूस हवं असेल, हे मला काही केल्या पटेना.

मी पंचा भांड्यात पिळला आणि म्हटलं, मी देणार नाही, आणि मी इथे असेपर्यंत दुसरं कुणी देणार नाही. कंपाउंडर रडू लागले. मास्तर पडदा सारून बाहेर गेले.

त्यानंतर नागावकरांचे डोळे किंचित उघडले. शुद्ध होती की नव्हती, देव जाणे. मी वाकून त्यांच्या कानात शेमाची सुरुवात केली, मराठीत, कारण मला तेवढंच येत होतं. त्यांचे ओठ हलले. शब्द ऐकू आले नाहीत. कंपाउंडर समोरच होते, त्यांनीही पाहिलं. दिवस मावळायच्या आत रिबेकाबाई आल्या आणि नंतर पहाटे, त्यांचा हात हातात असताना, नागावकर गेले.

सकाळीच मी पंचायत बोलावली. प्रश्न एकच, जागा देणार की नाही. मास्तर म्हणाले, नियम स्पष्ट आहे. कंपाउंडरांचे डोळे सुजलेले होते, पण तेही म्हणाले, त्याले संधी होती, त्यानं घेतली नाही, आता आपण काय करणार? फार झालं तर भिंतीजवळ कोपऱ्यात द्या, बेवारशी पुरतो तिथे.

मी फार शिकलेला नाही, पण त्या सकाळी मला जे सुचलं त्याचा मला आजही अभिमान आहे. मी कंपाउंडरांना म्हटलं, दादाजी, तुमच्या मते माणसाचा होकार-नकार देवसुद्धा मोडत नाही. नागावकरांनी नकार दिला आणि देवाने तो मोडला नाही. मग त्या नकाराबद्दल त्यांना शिक्षा देणारे आपण देवाच्या वर कधीपासून बसलो? आणि विडी ओढताना तुम्ही त्यांना मित्र म्हणत होतात की बाप्तिस्म्याचा उमेदवार? 

मग मी मास्तरांकडे वळलो. त्यांना एकच विचारलं, मोठ्याने नाही.

"मास्तर, देव एकदा निवडतो आणि मग मन बदलतो काय?"

हा त्यांच्या श्रद्धेचा पाया होता. देव मन बदलत नाही, म्हणून तर निवडलेला माणूस निर्धास्त. त्यांची बायको तरुणपणी गेली होती आणि ती देवाजवळ आहे याची खात्री त्यांना याच एका वाक्याने दिली होती. त्यांना माझा रोख कळला. अब्राहामाच्या लेकरांना दिलेला शब्द देव मागे घेत असेल, तर मास्तरांना दिलेल्या शब्दाचा भरवसा काय? येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या मंडळीला हेच बजावलं होतं, जैतुनाच्या झाडावर कलम केलेल्या फांद्यांनी, म्हणजे आपण, मुळापुढे, म्हणजे यहुद्यांपुढे, ताठा करू नये म्हणून. मास्तर ते शाळेत शिकवत.

त्यांनी समोरची नियमांची वही मिटली. मग म्हणाले, "नाही. बदलत नाही." आणि थोड्या वेळाने, "भिंतीजवळ नको. माझ्या पत्नीच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी ठेवली आहे. ती द्या."

नियम मोडला होता. मंडळीतली काही घरं त्यावरून माझ्याशी बोलेनाशी झाली, एक घर कायमचं दुसऱ्या चर्चला गेलं, आणि मिशनच्या साहेबांनी मला बोलावून बरंच सुनावलं. ते घर गेल्याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. साहेबांच्या बोलण्याचं तितकं वाटलं नाही.

नागावकर अत्यवस्थ आहेत असा निरोप रेल्वेच्या तारखात्याने रात्रीच लाईनवर पाठवला होता. दुपारच्या गाडीने भुसावळकडून त्यांच्या समाजाची माणसं उतरली, कामठीच्या छावणीतून दोघे कारकून आले, नागपूरच्या पोस्टातले एक आले. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांना सगळे हस्साकाका म्हणत. निवृत्त मिस्त्री, पांढरी दाढी, काठी. त्यांनी देहाला स्नान घातलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं. मी त्यांना कबरस्तानात नेऊन मोठ्या अभिमानाने मधल्या रांगेतली ती जागा दाखवली. मास्तर बाजूला उभे होते.

हस्साकाकांनी आजूबाजूचे क्रूस पाहिले, मास्तरांना हात जोडले आणि म्हणाले, तुमचं मन फार मोठं, पण आमच्या रिवाजाप्रमाणे जागा थोडी वेगळी लागते. तो भिंतीजवळचा कोपरा मिळेल का? कडुलिंब आहे तिथे.

ज्या कोपऱ्यावरून आम्ही सकाळभर भांडलो, तोच त्यांनी मागून घेतला. मला हसू आलं आणि ते लपवायला मी तोंड फिरवलं, तर कंपाउंडरही तेच करत होते.

माती दिल्यावर हस्साकाकांनी माणसं मोजली. मृताच्या नावाने त्यांची एक खास प्रार्थना असते, ती मुलाने म्हणायची, मुलगा नसेल तर दुसऱ्याने. पण त्यासाठी त्यांच्या समाजाचे दहा पुरुष उभे लागतात. नऊ होते. कुणीतरी म्हणालं, संध्याकाळच्या गाडीने कोणी येईल का? कोणी येणार नव्हतं. रिबेकाबाई बायकांत उभ्या होत्या. दाविद मिसरमध्ये, आणि बापाच्या नावाची प्रार्थना एका माणसापायी अडलेली. त्यांनी पदर तोंडावर घेतला.

आमच्या मंडळीचे तिसेक पुरुष तिथे उभे होते. कंपाउंडर पुढे झाले. "मले घ्या ना, काका. एकच तं कमी आहे."

हस्साकाकांनी नाही म्हणून मान हलवली. मग मास्तर पुढे झाले, टोपी हातात घेऊन. मी त्यांना कुणापुढे टोपी काढताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, की आम्ही इतके आहोत, आम्हीही अब्राहामाला बाप मानतो, आमच्यातला एक धरता येणार नाही का?

"मास्तर, तुमचा अपमान करत नाही मी," हस्साकाका म्हणाले. "पण कुणाला धरायचं ते माझ्या हातात नाही. असतं तर तुम्हालाच धरलं असतं."

निवड आपल्या हातात नसते, हे मास्तरांनी जन्मभर वर्गात आणि पंचायतीत सांगितलं होतं. ते नेहमी आत उभे राहून सांगत. त्या दिवशी ते दोन पावलं मागे आले आणि आमच्यात, न धरलेल्यांत, उभे राहिले. मला वाटलं, ते आता निघून जातील. ते गेले नाहीत.

हस्साकाका मग म्हणाले, ती प्रार्थना राहिली, पण दाविद राजाची स्तोत्रं म्हणायला मोजणी लागत नाही. त्यांनी 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे स्तोत्र सुरू केलं, मराठीत. आम्हालाही ते पाठ. त्यांच्या आणि आमच्या शब्दांत कुठे कुठे फरक, एखाद्या ओळीत ते पुढे, एखादीत आम्ही. सर्वांत मोठा आवाज मास्तरांचा होता, आणि 'परमेश्वराच्या घरात मी चिरकाळ राहीन' या शेवटच्या ओळीच्या आधी तो थांबला. पुढची ओळ आम्ही त्यांच्याशिवाय पुरी केली.

फाटकाशी त्या लोकांनी रिवाजाप्रमाणे हात धुतले. पाणी घालायला कंपाउंडर बादली घेऊन उभे होते.

महिनाभराने रिबेकाबाई भावाकडे अलिबागला निघाल्या. मी आणि माझी बायको स्टेशनवर गेलो. बायकोने संत्री नेली होती, मोसम नव्हता तरी कुठून मिळवली तिलाच माहीत. गाडी सुटायला थोडा अवकाश होता. बाईंनी मला खिडकीजवळ बोलावलं. दवाखान्यातल्या आयाने त्यांना सांगितलं होतं, की त्या दुपारी आमच्या चर्चची माणसं आली होती आणि पाण्याचं काही बोलत होती.

"दाविदला सगळं लिहायचं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून विचारते. त्यांच्यावर तुमचं पाणी घातलंत का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. दुसरा प्रश्न विचारला नाही. "मग लिहिते," म्हणाल्या, आणि माझ्या बायकोच्या हातातली संत्री खिडकीतून आत घेतली.

चाळीसेक वर्षांच्या नोकरीत माझ्या शब्दावर असा भरवसा दुसऱ्या कुणी ठेवल्याचं मला आठवत नाही.